एनेबिश

जेली हातावर गरम करून मगच लावते मी.
बाहेर उणे एकतीस.
सोलोंगोनं स्वेटर हनुवटीखाली धरलाय.
बाविसावा आठवडा.
बेंबीखाली तो पाय झाडतोय,
आणि वर, उजव्या बरगडीआड,
चार पूर्णांक सहा सेंटिमीटर,
गोल, निवांत, पाय नसलेलं.

मधे माझी एक वीत.
दोघांनाही मी त्याच बटणानं मोजते,
फुलीपासून फुलीपर्यंत.

रक्ताचा कागद आला तेव्हा डॉक्टर लुवसानही घुटमळले.
गाठ जे प्रथिन रक्तात सोडते
तेच पोटातलं मूलही सोडतं.
आकडा एकच. त्यात कुणाचं किती?
म्हणजे दोघं एकच सही करतात, सोलोंगो म्हणाली.
ती बँकेत कॅशियर आहे.
खोटी नोट बोटांना कळते तिच्या.

विषाणू कुठून आला ते तिची आई, दुलमा,
दर खेपेला नव्यानं ठरवते.
कधी शाळेतली लस, अख्ख्या वर्गाला एक सुई.
कधी दातांचा डॉक्टर.
थर्मासमधला खारा चहा ओतते
नर्सला, झाडूवाल्याला, मला,
स्वतःला ओतायचं विसरते.
एकदा जिन्यात गाठलं मला:
माझ्याकडूनच गेला असेल ना? जन्मतानाच?
मी म्हटलं, हिच्या बाळाला बारा तासांच्या आत लस देणार आहेत.
हे उत्तर नव्हतं.
दोघींनाही ते कळलं.

तुगुल्दुर कोळशाचा ट्रक घेऊन सीमेवर,
रांगेत अकरावा दिवस.
फोनवर ओरडून विचारतो, आधी कोण?
रेंज गेली.
इथेही तिघांनी तीन सांगितलं होतं:
मूल काढा. थांबा. आत्ताच कापा.
सोलोंगोनं तिन्ही कागद मोजल्यासारखे चाळले
आणि तिसरा वर ठेवला.

आमच्यात नात्यातल्यांना काळजाची माणसं म्हणतात.
काळीज म्हणजे हेच, बरगडीखालचं, तपकिरी, जड,
मेंढी सोलताना ओंजळीत वाफाळतं ते.
आणि लेकरू म्हणजे काळजाचा तुकडा.
मंगळवारी काळजाचा तुकडा काढला.
लेकरू तिथेच ठेवून.

मी उभी होते खालच्या बाजूला,
प्रोबवर निर्जंतुक पिशवी चढवून.
लुवसान म्हणायचे, बोल.
एकशे अठ्ठेचाळीस.
बोल.
एकशे एकेचाळीस.
मग रक्तवाहिनीला चिमटा लागला, आणि बोल.
शहाण्णव.
कुणीतरी तिला डावीकडे कलती केली,
कुणीतरी नळी सैल केली,
एका नर्सचं घड्याळ ऐकू येत होतं.
एकशे दहा. एकशे अठ्ठावीस.
स्टीलच्या ताटलीत तुकडा पडला.
मेंढीचा पडतो तसाच आवाज,
दुसरा कसला असणार?

ज्या घरात मुलं जगत नसत
तिथे पूर्वी नव्या बाळाचं नाव ठेवत एनेबिश.
म्हणजे, हे नव्हे.
शोधत येणारानं विचारावं, हेच का ते?
घरच्यांनी नाव सांगावं, आणि त्यानं पुढच्या दारी जावं.
दुलमाला तेच नाव हवंय.
सोलोंगो म्हणते, शाळेत पोरं हसतील गं.
हसू देत, दुलमा म्हणते. हसायला शाळेत तर जाईल.

आज चौतिसावा आठवडा.
तो पाठ करून बसलाय, तोंड दाखवत नाही.
वर काळीज पुन्हा भरत आलंय,
कडा गुळगुळीत.
एका ठिकाणी मी प्रोब दोनदा फिरवला.
मग तिसऱ्यांदा.
सावली असेल, बरगडीची. पुढच्या महिन्यात परत बघू.
सोलोंगोनं मान वळवली,
पडद्यावर नेमकं तिथंच बोट ठेवलं:
आणि हे?

एनेबिश, मी म्हटलं.